एक्केचाळीस नंबरचं पाकीट

एक्केचाळीस नंबरवर दोघींचं एकमत झालं नाही, आणि थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. धाकटी एकदाची घसरली!

विभागात दोघी डॉक्टरणींना थोरली-धाकटीच म्हणत, जशा काही जावाच. थोरलीची बावीस वर्षं स्तनांचे एक्स-रे वाचण्यात गेली होती. धाकटी आली ती नवं यंत्र घेऊन. शिरेत किरणोत्सारी औषध टोचायचं. कॅन्सर असेल तिथे ते साठतं आणि पडद्यावर ठिपका उजळतो. सगळे तिला डोक्यावर घेऊन नाचू लागले. थोरली तिला पाण्यात पाहू लागली.

यंत्राची चाचणी चालू होती. प्रत्येक बाईची तपासणी दोन्हीकडे व्हायची. चित्रांवर फक्त नंबर. नाव पाकिटात बंद. एक्स-रे थोरलीने वाचायचे, नवी चित्रं धाकटीने. निरोगी बायका कमी पडल्या तेव्हा विभागातल्या चौघी स्वतःच यंत्रापुढे बसल्या. थोरलीही बसली, घाबरली असं कोणी म्हणायला नको म्हणून.

चाळीस नंबरांत धाकटीचा एकही निष्कर्ष चुकला नव्हता. आता एक्केचाळीसवर थोरलीने लिहिलं होतं, 'स्वच्छ'. धाकटीने लिहिलं होतं, 'डावीकडे ठिपका. सुई घालून तुकडा तपासा.'

"छाती दाट आहे, फिल्म पांढरीफटक, गाठ पटकन दिसत नाही हे खरं. पण मी दोनदा पाहिलीय," थोरली विभागप्रमुखांना म्हणाली. "यांच्या यंत्राला काय, कुठेही दिवे दिसतात. बिचारीला उगाच सुई कशाला?"

"तुम्ही ज्येष्ठ. तुमचा शब्द शेवटचा," प्रमुख म्हणाले.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. चार महिन्यांची जळजळ एका क्षणात निवली.

"सर, निदान त्या बाईंना विचारू तरी," धाकटी काकुळतीला आली. "दोघींची मतं त्यांना सांगू. त्यांचं त्या ठरवतील."

"खुशाल विचार," थोरली हसली. तिनेच पाकीट पुढे केलं.

धाकटीने ते फाडलं. नाव वाचलं. मग कागद थोरलीपुढे धरला.

बावीस वर्षं फिल्म वाचणारीला स्वतःची फिल्म ओळखू आली नव्हती.

"मॅडम," धाकटी म्हणाली, "विचारायचं होतं... काय करायचं?"

थोरलीचा हात आपसूक छातीच्या डाव्या बाजूला गेला.

"आजच सुई घाल," ती म्हणाली. "आणि तूच घाल. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस."