निंबोल्याच्या रस्त्यावरचा पांढरा उजेड

“असले बल्ब गाडीत बसवतं कोण, तेवढं सांगा. पुढचं मी बघते.”

सरस्वतीबाईंचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. तरी दत्तात्रय मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला आणि स्टूल पुढं सरकवलं.

“बसा मावशी. आधी काय झालं ते तर सांगा.”

सरस्वतीबाई बसल्या नाहीत. पाच दिवसांत हे त्यांचं सहावं गॅरेज होतं. उरलेली दोन गॅरेजं जावई बघणार होते, पण आज ते दवाखान्यात अडकले. म्हणून राजघाटावर तापीची पूजा आटोपून त्या एकट्याच चालत आल्या होत्या. मिस्त्रीच्या हातावर त्यांनी साखरफुटाणे ठेवले, डबीतलं कुंकू बोटानं त्याच्या कपाळाला लावलं.

मिस्त्री गाडीच्या आरशात डोकावून हसला. “काय मावशी, टिळ्यातही कंजुषी? अर्धाच लागला!”

“केळीचे चिप्स करताना किसणीवर बोटाचं टोक गेलं, बाबा. तेव्हापासून कुणालाही लावा, चंद्रकोरच उमटते. आमचे हे म्हणतात, ही तुझी सही.”

एवढं बोलून त्या पुन्हा मूळ गोष्टीवर आल्या.

“हे निंबोल्याहून येत होते. केळीला पाणी सोडून, लूनावर. दिवेलागणीची वेळ. समोरून गाडी आली. पांढराफक्क उजेड, सरळ डोळ्यात. रस्ता दिसेना, लूना नाल्यात गेली. खुबा मोडला. डावा डोळा राहील की जाईल, डॉक्टर सांगत नाहीत. आणि गाडीवाला पळाला!”

“मग दवाखान्यात कुणी नेलं?”

“देवानंच रितेशरावांना पाठवलं. आमचे जावई. तेही त्याच रस्त्यानं येत होते. यांना एवढंच आठवतं, उजेड, आणि मग कानाशी जावयाची हाक, ‘बाबा!’”

अधिक महिना संपून महिना होत आला होता. अधिकात महिनाभर सरस्वतीबाईंचं मौन होतं, उंबरठाही ओलांडायचा नव्हता. जावयाच्या वाणाचं सगळं त्यांनी मुलीवर, रश्मीवर सोपवलं होतं. तेहतीस अनारसे घरी केले. दीपदानाची वस्तू रश्मीनं बाजारातून आणली, बंद डब्यात. सरस्वतीबाईंनी न उघडता त्याला हळदकुंकू लावलं आणि जावयाच्या ओंजळीत ठेवलं. आता त्याच जावयानं त्यांच्या नवऱ्याला, मोतीरामांना, नाल्यातून उचलून आणलं. म्हणजे दान तापीमाईला पोचलं, असं त्या मानत होत्या.

“पोलिसात दिलंय ना?” मिस्त्रीनं विचारलं.

“दिलंय. तिथला एक जण म्हणतो, ‘माँजी, आजकल तो सब लगाते हैं.’ सगळे लावतात म्हणून समोरच्यानं आंधळं व्हायचं का? मी तापीचं पाणी हातात घेऊन बोललेय. तो माणूस सापडेपर्यंत अळणी जेवीन. आणि सापडल्यावर, मग तो कुणी का असेना, पाया पडला तरी तक्रार मागं घेणार नाही. रितेशराव शेजारीच उभे होते. त्या दिवसापासून त्यांनीही मीठ सोडलंय. असा जावई शोधून मिळायचा नाही.”

मिस्त्रीनं कोपऱ्यातला एक जुना हेडलाइट उचलला.

“हे बघा. हा आतला चकचकीत भाग पिवळ्या बल्बच्या हिशेबानं बनलाय. तार जिथं जळते, तिथूनच उजेड बरोबर रस्त्यावर पडतो. त्यात एलईडी खुपसला की उजेड फाटतो. अर्धा झाडावर, अर्धा समोरच्याच्या डोळ्यात. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय लख्ख! लख्ख असतं ते नाकासमोर. लांबचा खड्डा उलट कमी दिसतो. कंपनीनं गाडी ज्या बल्बवर पास केली, तोच ठेवायचा, कायदाही हेच सांगतो. पण ऐकतो कोण? म्हणतात, मिस्त्री, तू पुराना हो गया.”

“तुम्ही बसवता?”

मिस्त्री हेडलाइट फडक्यानं पुसत राहिला.

“खोटं नाही बोलत मावशी. यंदा एक जोडी बसवली. पंधरा वर्षांची जुनी गाडी. मी नको म्हणालो. तो म्हणाला, ‘मलाही नकोय, पण मानाची वस्तू आहे. नाही बसवली तर घरातल्यांना वाईट वाटेल.’ भला माणूस वाटला. बसवून दिली.”

“मान!” सरस्वतीबाई म्हणाल्या. “ह्यांच्या मानापायी दुसऱ्याचा डोळा गेला तरी चालेल!”

“तेच म्हणतो मी. आणि ऐका, चार दिवसांपूर्वी तो परत आला. मी शटर उघडायच्या आधीच दारात उभा. म्हणे, ‘आत्ता काढा, पिवळे घाला.’ काढलेले बल्ब त्यानं माझ्यासमोर दगडानं ठेचले.”

सरस्वतीबाईंनी हिशेब केला. अपघाताला पाच दिवस झाले होते.

“तोच,” त्या हळूच म्हणाल्या. “तापीमाई, तोच. नाव काय त्याचं?”

“नाव नाही विचारलं. पण बल्बचा डबा पहिल्या वेळी इथंच राहिला. दुकानाचा शिक्का असेल त्यावर. पोलीस दुकानात गेले की तासाभरात माणूस हातात.”

स्टुलावर चढून त्यानं वरच्या फळीवरून काळा, सोनेरी अक्षरांचा एक डबा काढला.

“घ्या. हा तुमचा पुरावा. सोडू नका त्याला.”

प्रसाद घ्यावा तसा सरस्वतीबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. वर ऑइलमिश्रित धूळ बसली होती. त्यांनी पदरानं झाकण पुसलं.

धुळीखाली हळदीचं सुकलेलं बोट होतं, आणि त्याच्या शेजारी कुंकवाची लाल चंद्रकोर.