हसायचं नाही

मानमोडीच्या तापात एकुलती लेक गेली, तेव्हापासून मनकर्णाबाई अन्नाला न शिवता भिंतीकडे तोंड करून पडून असत. नवरा शेषराव मुकाट्याने औताला जाई. बुलढाण्याहून डॉक्टर आले. हसण्याने मनाचे दुखणे हटते, असे त्यांनी नुकतेच एका विलायती पुस्तकात वाचले होते. ते बाईंना म्हणाले, "तुमच्या नवऱ्याचं लक्षण ठीक नाही. त्याला हसवलंत तरच निभावेल."

बाई पदर खोचून उठल्या. एरवी नवऱ्याचे नाव ओठांवर न आणणारी ही बाई रोज नवा उखाणा रचू लागली.

"धाडच्या बजारातून आनली रताळी, शेषरावच्या तोंडाले कुलूप सांज-सकाळी!"

शेषराव ढिम्म. मग बाईंनी त्याचा फेटा म्हशीला बांधला. त्याने म्हशीकडे पाहिले आणि विचारले, "धार काढली का?"

"हसत कसे नाई, पाहतोच मी!" बाई पुढच्या तयारीला लागल्या.

महिन्याने डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा शेषराव गोठ्यात कडब्याच्या पेंढीत तोंड खुपसून गदगदत होता. डॉक्टर घाबरून धावले. पाहतात तर गडी पोट धरून हसत होता.

"अहो, मग बाईंसमोर हसा की!"

शेषरावाने डोळे पुसले. "नाई साहेब. मी हसलो, अन् थे पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजली तं? आता कुठी जेवाले लागली."

घरातून बाईंची हाक आली. शेषरावाने अंगावरचा कडबा झटकला, तोंड नीट पाडले आणि आत गेला.