भिंतीपलीकडचा प्रभाग

“म्हणजे मी माझ्याच घरात परका?” चष्मेवाल्याने विचारले.

“परके कसले? पलीकडच्या प्रभागातले,” पत्नी म्हणाली.

नव्या आखणीत प्रभागांची सीमा नेमकी त्यांच्या घराच्या मधल्या भिंतीवरून गेली होती. पुढची खोली एका प्रभागात, मागची दुसऱ्या. अशा घरात माणूस जिथे झोपतो तो त्याचा प्रभाग, असा परिषदेचा नियम होता. चष्मेवाला मागच्या प्रभागातून निवडणुकीला उभा होता. आजवर त्याच लोकांनी त्याला परिषदेवर पाठवले होते. दुसरीकडे त्याला कुत्रेही विचारत नव्हते. आणि आता कोणीतरी हरकत घेतली होती, की हा गृहस्थ पुढच्या खोलीत, कोचावर, दिवा चालू ठेवून झोपतो.

हरकत खरी होती. मुलगी तापाने गेली, तेव्हापासून मागच्या खोलीतल्या तिच्या रिकाम्या खाटेजवळ त्याचा डोळा लागत नसे. पत्नीने त्याला कधी अडवले नव्हते, की परत बोलावलेही नव्हते.

“हे त्या शिंप्याचंच काम,” तो म्हणाला. शिंपी त्याचा प्रतिस्पर्धी. “समोरच राहतो. टपूनच बसला असणार मेला.”

“त्याला दिवेलागणीनंतर समोरचा खांब दिसत नाही. त्याचा चष्मा तुम्हीच केलात ना?”

“मग त्याच्या बायकोनं पाहिलं असेल.”

“असेल,” ती म्हणाली आणि कोचावरचे त्याचे पांघरूण उचलून आत घेऊन गेली.

तपासणीला न सांगता येऊ, असे परिषदेच्या अधिकाऱ्याने बजावले होते. नाइलाजाने चष्मेवाला मागच्या खोलीत झोपू लागला. पलंगावरची त्याची बाजू मोकळीच होती; उशीच्या अभ्र्याला साबणाचा ताजा वास येत होता. सुरुवातीला दोघे आढ्याकडे पाहत नुसते पडून राहत. मग एकदा ती मुलीविषयी बोलली. तो ऐकत राहिला आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडला.

तरी एक धास्ती होतीच. ही बाई जन्मात कधी खोटे बोललेली नाही. अधिकाऱ्याने कोचाबद्दल विचारले, तर बोलेल?

अधिकारी सकाळी आला. त्याने कोच पाहिला, पलंग पाहिला.

“बाई, हे झोपतात कुठे? खरं सांगा.”



“इथं,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी.”

अधिकाऱ्याने मान डोलावली. उंबऱ्याशी बूट चढवता चढवता तो तिच्याकडे वळला.

“मग बाई, तुमची हरकत मागे घेताय ना?”