वरच्या खिडकीचा खर्च

“दुरुस्तीवर पैसे घालू नका, काका. फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होईल,” असं म्हणत काचवाल्यानं छपरातल्या खिडकीच्या चौकटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. लाकूड पार भुसभुशीत झालं होतं. भुसा खालच्या पलंगावर पडला.

माळ्यावरच्या त्या पलंगावर कुणी झोपत नव्हतं. तरी चादर धुतलेली होती. काकूंनी ती लगेच झटकली.

“आकडा सांगा,” सुट्टेकाका म्हणाले.

हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं. एकाही दुकानदाराला त्यांचे वरचे सुट्टे कधी पचले नव्हते. जन्मभर त्यांनी गोदामातल्या मालाचा हिशोब ठेवला आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या साबणाच्या वड्यांवर आले.

“बंद काच अठरा हजार. कटकट कायमची मिटली. उघडणारी हवी असेल तर छत्तीस. आणि उघडणारी आज ना उद्या गळणार, हे आधीच सांगतो. नंतर शिव्या नकोत.”

“उघडणारी.”

काचवाला शिडीवरून खाली बघतच राहिला. “तुमच्याकडे जातोय म्हटल्यावर किराणावाला हसला हो मला. म्हणाला, जेवणाचा डबा बरोबर ने, घासाघीस संध्याकाळपर्यंत चालेल.”

“ती करणारच आहे. पण उघडणाऱ्या खिडकीवर.”

“अहो, आणि कवळीचे पैसे?” काकूंनी विचारलं.

“हिरड्या कुठे पळून चालल्यात? आणि चावायचंय काय मला? जन्मभर तुझे टोमणे गिळूनच तर जगलो.”

“तेही धड पचले नाहीत.” काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं, मग काचवाल्याकडे वळल्या. “माणूस येईल ना हो त्यातून आत? आता खांदे रुंद झाले असतील त्याचे.”

“कुणाचे?”

“आमच्या लेकाचे. शेजारच्या भिंतीवरून छपरावर आणि तिथून धप्पकन पलंगावर, हीच त्याची वाट. दारानं आला तर ह्यांचं भाषण ऐकावं लागायचं ना!”

त्या हसल्या. काका मोजपट्टी गुंडाळत राहिले.

एका रात्री काकांनी त्या खिडकीला आतून कडी लावली होती. एकदा अद्दल घडू दे, म्हणून. उशिरा काचेवर टकटक झाली. परत झाली. सकाळी उघडू, असं म्हणून काका कुशीवर वळले. सकाळी छपरावर कुणी नव्हतं. त्या कडीचं नाव नंतर घरात कुणी काढलं नाही.

पुष्कळ शोधाशोध केल्यावर काकांना एका लांबच्या गावातला फोन नंबर मिळाला. फोनवर लेकाबरोबर खोलीत राहणारा मित्र होता. तुमचा मुलगा तापानं गेला, म्हणाला. शेवटचं सगळं आम्हीच केलं, म्हणाला. काकांनी त्याच्याकडे एकच मागणं मागितलं. पोराच्या आईला कळवू नकोस, ती मोडून पडेल. पलीकडे मित्र काहीतरी सांगू लागला आणि थांबला. मग मित्र नुसतंच “बरं” म्हणाला.

तेव्हापासून काकू चादरी बदलत आल्या आणि काका गप्प बसत आले. बाई आशेवर जगतेय तर जगू दे. आशेला काही खर्च येत नाही, असं त्यांचं गणित होतं. आज तिचं पहिलं बिल आलं होतं. ते त्यांनी तेहतीस हजारांवर आणलं आणि उरलेल्या पैशांत कवळी बसते का, याचा हिशोब मनातल्या मनात करून पाहिला. बसत नव्हती.

आठवड्याभरानं खिडकी बसली. चौकट पांढरी, दांडा चकचकीत. काचवाल्यानं ती लावून घेतली आणि पाण्याचा पाइप काकांच्या हातात दिला.

“आता परीक्षा. तुम्ही वरून पाणी सोडा, मी आतून सांधे बघतो.”

“पैसे मी द्यायचे आणि काम पण मीच करायचं?”

“पाणी कुणीही सोडेल हो. थेंब ओळखायला नजर लागते.”

“जपून चढा,” काकू म्हणाल्या. “पडलात तर हाडांचा आकडा मी विचारायला जाणार नाही.”

काका बाहेरच्या शिडीनं छपरावर गेले. चारी सांध्यांवर त्यांनी भरपूर पाणी सोडलं. आतून आवाज आला, “एक थेंब नाही, काका! पास!”

त्यांनी पाइपाची चावी फिरवली आणि धाप लागली म्हणून कौलांवरच टेकले. आतून काचवाल्यानं दांडा ढकलून पाहिला. खिडकी हातभर उघडली, आवाज न करता. काम चोख होतं. पैसे वाया गेले नव्हते. आता बायको ती रोज उघडेल, बाहेर बघेल आणि आपण काही बोलणार नाही.

“काकू, तुम्ही म्हणत असाल तर अजूनही बदलून देतो,” आत काचवाला हळू आवाजात म्हणत होता. “हीच चौकट, वर बंद काच. पुष्कळ पैसे परत मिळतील, काकांची कवळी होऊन जाईल. येणारा काय, दारानंही येईल.”

पाइपातलं उरलेलं पाणी कौलांवरून ओघळत होतं.

“येणारं कुणी नाही हो,” काकूंचा आवाज आला. “पोर गेलं माझं. त्याच्या मित्रानं मला तेव्हाच कळवलं होतं. ह्यांना सांगायचं नाही, अशी मीच त्याला शपथ घातली. त्या रात्रीची कडी ह्यांच्या हातची ना! तो येईल, एवढ्यावरच तर हा माणूस तग धरून आहे.”