ओल्ड मिल हाउसचा इतिहास

"त्या दिवशी मुलांना तळ्यात कुणी उतरवलं?" गिरीशनी रेकॉर्डर अमनच्या पुढ्यात सरकवला.

अमनने कॉफीचा कप तोंडाला लावला आणि न पिताच खाली ठेवला. "काका, इट वॉज ॲन ॲक्सिडेंट. किती वेळा सांगू?"

"इतकी वर्षं हेच एक वाक्य सांगतोयस तू."

अमन आता चांगला नावाजलेला डॉक्टर होता, पण हा प्रश्न आला की त्याचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा होई. गिरीशना ते बरोबर दिसायचं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

गिरीश आणि वसुधाचा मुलगा विवेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एप्रिलमध्ये तळ्यात बुडाला. बरोबर पहिल्या वर्षाचा कॉलिनही गेला. कॉलिन मध्यावर दमला, विवेक त्याला वाचवायला गेला आणि दोघंही वर आले नाहीत, एवढं सगळेच सांगत. पण अमेरिकेतल्या एप्रिलच्या गारठलेल्या पाण्यात मुळात गेलेच कशाला? तर म्हणे सहज पोहायला! घरातल्या सगळ्या मुलांनी, अमननेही, पोलिसांना एकाच सुरात हे सांगितलं होतं. गिरीशना तो सूर पाठ केलेला वाटला होता.

घर म्हणजे ओल्ड मिल हाउस. त्या एका कॉलेजापुरती असलेली मुलांची फ्रॅटर्निटी. एका छपराखाली राहायचं आणि एकमेकांना ब्रदर म्हणायचं. विवेक तिथे जातो हे आईवडिलांना कळलं तेच मुळी अंत्यसंस्काराच्या वेळी. घरी सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी नाव काढायला लावलं असतं, हे पोराला पक्कं ठाऊक असणार. बिचारा नुकताच शिरत होता आणि कुणा दांडगटाने त्याचा बळी घेतला, असं गिरीशनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून घराला पंचाहत्तर वर्षं होताना जुन्या मुलांनी इतिहास लिहायला माणूस शोधला, तेव्हा गिरीशनी हात वर केला. मुलगा गमावलेल्या बापाला नाही कोण म्हणणार?

"हे लिहून काय मिळणार आहे तुम्हाला?" मॉरिसव्हिलच्या घरी वसुधा विचारायची. तिच्या खांद्यावर विवेकचा मरून स्वेटशर्ट असायचा. पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आला तेव्हा भर उन्हाळ्यात तो अंगातून काढायला तयार नव्हता. छातीवरची तीन इंग्रजी अक्षरं आता पुसट झाली होती.

"नाव मिळणार आहे," गिरीश म्हणायचे.

इंजिनियरकी अंगात मुरलेली, त्यामुळे काम चोख झालं. मोठ्या फ्रॅटर्निट्यांनी दारात उभं केलं नाही अशा गिरणी कामगारांच्या मुलांनी हे घर काढलं होतं. मग त्यांनीही नव्या पोरांना छळायचे नियम केले. नव्यांनी जुन्यांची भांडी घासायची. आत घेईपर्यंत घराच्या नावाची तीन अक्षरं असलेला कपडा अंगावर घालायचा नाही. शेवटी तळं पोहून जायचं, आणि त्यांना नेणारा नेहमी आदल्या वर्षी आत आलेला असायचा. गिरीशनी हे सगळं लिहिलं. फक्त त्या एप्रिलला कोण नेत होता, तेवढं कुणी बोलेना.

सगळ्यात जास्त संशय त्यांना वॉल्टरचा यायचा. हा कॉलिनचा बाप, सुतारकाम करणारा. दर एप्रिलला तळ्याकाठी गिरीशच्या शेजारी येऊन बसायचा. वसुधासाठी घरी भाजलेला ॲपल पाय आणायचा. आणि विषय काढला की एकच म्हणायचा, "जाऊ दे, गिरीश."

पोटचा पोरगा गेलेला बाप असं म्हणतो? त्यात मागे घरातल्या या सगळ्या मुलांनी जाऊन वॉल्टरला नवा पोर्च बांधून दिला होता. कुणी कुणाला फुकट पोर्च बांधून देत नाही, एवढं जग गिरीशनी पाहिलं होतं.

समारंभ शनिवारी दुपारी होता. जेवणं झाल्यावर गिरीश माइकपाशी गेले.

"इतिहास पूर्ण आहे. एक नाव सोडून. ते इथल्या कुणाला तरी माहीत आहे. ते कळल्याशिवाय मी खाली बसणार नाही."

अमन उठला. पण त्याने गिरीशकडे पाहिलंच नाही, वॉल्टरकडे पाहिलं. हळूहळू सगळेच वॉल्टरकडे पाहू लागले. वॉल्टरने नकारार्थी मान हलवली.

गिरीशचा तोल सुटला. "वॉल्टर, तुझा मुलगा मेला! त्यांना पाठीशी घालायला काय घेतलंस?"

"अहो, पुरे!" वसुधा ओरडली. वॉल्टरने मान खाली घातली.

अमनने गिरीशचा हात धरून त्यांना बाहेर पायरीवर आणून बसवलं.

"काका, त्यांना काही बोलू नका, प्लीज. नाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहितीये. कॉलिनने निघताना फोन केला होता, कोण नेतंय ते सांगितलं होतं. वॉल्टरनी पोलिसांना सांगितलं नाही. उलट आमच्या प्रत्येकाच्या घरी आले आणि प्रॉमिस घेतलं, की हे नाव कधीच बाहेर काढायचं नाही."

"का?" गिरीशच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "कोण होता तो त्याचा, एवढं सांभाळायला?"

अमनचे डोळे भरून आले.

"त्यांचा कुणीच नव्हता, काका," तो म्हणाला. "तुमचा होता."