बायनाबाईचे हात

अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. बरेच दिवस बाहेरगावी गेलेली तुमची आई भर दुपारी दारात येऊन उभी राहते. डोक्यावर कडब्याची पेंढी आहे. तुम्ही धावत सुटता आणि मध्येच थांबता. आईच्या हातात एकही बांगडी नाही.

उमापूरची शिवकन्या तशीच थांबली.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं. शिवकन्येचे वडील, त्रिंबक, चावडीसमोर तिरंगा झेंडा लावला म्हणून तुरुंगात होते. आई, बायनाबाई, आजारी आईला बघायला माहेरी गेली आहे असं गावाला सांगितलेलं होतं. ती अशी रिकाम्या हातांनी आलेली पाहून शेजारणींनी समजायचं ते समजून घेतलं. एकीनं तोंडाला पदर लावला. आजी, साखराबाई, बाहेर आली. तिनं सुनेची मनगटं पाहिली आणि ती उंबऱ्यातच बसली. तिला एकच मुलगा होता.

"ते हायेत," बायनाबाई म्हणाली. "सुखरूप हायेत, आत्याबाई."

घरातलं मीठ संपलंय असं सांगावं, तसं तिनं हे सांगितलं.

मग बांगड्या कुठं गेल्या, असं शेजारच्या छबुबाईनं विचारलंच. वाटेत पडले, फुटल्या, असं बायनाबाई म्हणाली.

"दोन्ही हातांवर पडलीस व्हय गं?" छबुबाई म्हणाली आणि हसून निघून गेली.

दार लोटल्यावर खरं काय ते कळलं. बायनाबाई माहेरी गेलीच नव्हती. सरहद्दीपलीकडे, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या मुलखात, निजामाशी लढणाऱ्यांचा तळ होता. ती तिथं भाकऱ्या थापायला म्हणून गेली होती. पुढं तिला आणि आणखी काही बायांना बंदूक चालवायला शिकवली. दोन दिवसांपूर्वी पहाटे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर चालून जायचं होतं. अंधारात बांगड्या वाजल्या असत्या. म्हणून तिनं त्या उतरवल्या, चिंधीत बांधल्या आणि एका झुडपाखाली ठेवल्या. परतताना पळावं लागलं. त्या तिथंच राहिल्या.

नाक्यावर काय झालं, हे आजीनं विचारलं. बायनाबाईनं पाणी मागितलं. शिवकन्येनं तांब्या दिला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा पाणी मागितलं. तांब्या तिच्यापुढं भरलेलाच होता.

संध्याकाळी तिला परत तळावर निघायचं होतं. ती फक्त लेकीला बघायला आली होती. पण गावोगाव शिपाई फिरत होते. नवरा जिवंत आणि हात मोकळे, अशी बाई वाटेवर दिसली की पहिला भेटेल तो कारण विचारणार, कावून? साखराबाईनं अजमतबीला बोलावणं धाडलं.

अजमतबी बांगड्या भरायची. आसपासच्या सगळ्या गावांतल्या बायांचे हात तिला पाठ होते. बायनाच्या लग्नातला हिरवा चुडाही तिनंच भरला होता. ती आली, टोपली उतरवली, आणि काही न विचारता बायनाचा उजवा हात मांडीवर घेऊन चेपू लागली. शिवकन्या तिच्या शेजारी हात पुढं करून बसली. आईचं झालं की तिची पाळी होती.

दुसरीच बांगडी चढताना तडकली. काच मनगटात रुतली, रक्त आलं. बायनाबाईला ते कळलं नाही. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती.

"हात लई थंड पडलेत बाय तुझे," अजमतबी म्हणाली. तिनं काच काढली, पदरानं रक्त टिपलं आणि पुन्हा हात चेपायला घेतला. बांगड्या भरताना बोलत राहायची तिची सवय होती. समोरची बाई बोलण्यात गुंतली की हात सैल पडतो. तशी ती बोलू लागली. काल ती गेवराईला होती. एका पोरीच्या बांगड्या तिला उतरवाव्या लागल्या. नाक्यावर गोळी लागून मेलेल्या शिपायाची बायको. शादीतल्या बांगड्या अजमतबीनंच भरल्या होत्या, अजून एकही फुटली नव्हती. बायका फोडायला दगड घेऊन बसल्या, तर पोरगी हात मागं घेऊन ओरडायची. मग अजमतबीनं तेल लावून एकेक काढली.

"लोक म्हणत्यात, गोळी बाईनं झाडली," अजमतबी म्हणाली. "खोटं आसंल. बाईच्या हातानं आसं व्हईल का?"

बायनाबाई भिंतीकडंच बघत होती.

"तोंड धूत हुता," ती म्हणाली. "हातात डबडं हुतं."

अजमतबीची बोटं थांबली. साखराबाईनं डोळे मिटले. अजमतबीनं बाहेर जाऊन एक शब्द उच्चारला असता, तर घर संपलं असतं.

अजमतबीनं बायनाचा हात मांडीवरून उचलला आणि हळूच खाली ठेवला. झोपलेलं लहान मूल ठेवावं तसा. चढवलेली एक बांगडी तिनं मुठीत धरली, सरकवून काढून घेतली. बाकीच्या हिरव्या बांगड्या मोजल्या नाहीत, तशाच घोंगडीवर ठेवल्या.

"मी कोणाला सांगनार न्हाई," ती साखराबाईला म्हणाली. "पर माझ्यानं भरवत न्हाई. तुमीच भरा."

ती टोपली घेऊन गेली. दुपार कलत होती. साखराबाईनं सुनेला दोनदा सांगितलं, घाल गं, निघायची येळ झाली. बायनाबाईचे हात मांडीत तसेच पडून होते.

शिवकन्येनं घोंगडीवरची एक बांगडी उचलली. आईकडं पाहिलं. बांगडी परत ठेवली. मग ती आईच्या अगदी समोर जाऊन बसली आणि जिथं काच रुतली होती त्या मनगटाभोवती तिनं आपल्या दोन्ही हातांची बोटं गुंफली, घट्ट, बांगडीसारखं वर्तुळ पुरं होईल अशी. तिनं तो हात थोडा हलवून पाहिला. आवाज झाला नाही.