अर्ध्या पानाचा प्रोग्राम

साल २००२. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी साहेबरावांनी पर्ल या संगणकाच्या भाषेत नवा प्रोग्राम लिहिला. तो सहा पानांचा झाला. त्यांच्याच हाताखाली पर्ल शिकलेल्या, वाटूरच्या शिवकन्येनं तेच काम अर्ध्या पानात, कुणालाही सहज वाचता येईल इतकं स्वच्छ लिहून दाखवलं.

मालकांनी दोन्ही प्रोग्रामचे कागद टेबलावर मांडले आणि साहेबरावांना आत बोलावलं.

"पोरीनं सहा पानं भरली अन् तुम्ही अर्ध्या पानात उरकलं. मंग तिला ठेवायचं कशाला? उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा."

मालकांचा समज उलटा झालाय, हे साहेबरावांच्या ध्यानात आलं. 'न्हाई, अर्धं पान तिचं आहे,' एवढंच बोलायचं होतं. पण तसं बोललं तर घरी कोण बसणार, हेही त्यांना कळत होतं.

"बराबर आहे," असं पुटपुटून ते बाहेर आले. दारातच शिवकन्या उभी होती. त्यांना तिच्याकडं बघवेना.



"सर, आवडला का मालकांना?" तिनं हरखून विचारलं. "माझ्या कागदावर तुमचंच नाव टाकलंय मी. शिकवलं तर तुमीच ना!"